दोन कंपन्यांची रॅम एकत्र लावल्यापासून पीसी अधूनमधून ब्लू स्क्रीन देतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचा तोच प्रॉब्लेम आहे का ते लगेच कळेल. पीसीत आधीची रॅम होती, ती कमी पडायला लागली म्हणून अजून एकदोन स्टिक घेतल्या, जुनं मॉडेल मिळालं नाही म्हणून दुसऱ्या कंपनीच्या घेतल्या, लावल्या, विंडोजने सगळी रॅम दाखवली, सगळे खूश. मग आठवडाभराने एक ब्लू स्क्रीन. मग काही दिवस काहीच नाही. मग एखाद्या सकाळी बटण दाबलं की पंखे फिरतात, बंद होतात, परत फिरतात, परत बंद, आणि तिसऱ्या खेपेला कुठे स्क्रीन येते, पण एकदा आली की संध्याकाळपर्यंत मशीन ठणठणीत. फोटोशॉप न सांगता गायब होतं. डाउनलोड केलेली झिप उघडताना सीआरसी एरर, म्हणजे आतला डेटा जुळत नाही असा एरर, येतो आणि तीच झिप परत उतरवली की नीट उघडते. आणि ब्लू स्क्रीनवरचं नाव दर वेळी वेगळं, कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, कधी आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल.

नाव दर वेळी वेगळं येतंय ही सगळ्यात मोठी खूण. ड्रायव्हर खराब असला की तो बहुतेक त्याच त्याच जागी अडखळतो. रॅम गडबडली की त्या क्षणी त्या जागेवर ज्याचा डेटा असेल तो मरतो, मग तो ग्राफिक्सचा ड्रायव्हर असो, ब्राउझर असो की विंडोजचा स्वतःचा गाभा असो. त्यामुळे संशय सगळ्यांवर जातो आणि रॅमवर सगळ्यात शेवटी, कारण ‘रॅम तर दिसतेय ना पूर्ण’.

सांगलीत माझा एक मित्र लग्नाचे अल्बम डिझाइन करतो, त्याच्याकडे हेच चाललं होतं. एएमडीचा रायझन ३००० सिरीजचा प्रोसेसर, चार स्लॉटचा मदरबोर्ड, आधीच्या ८ जीबीच्या दोन स्टिक ३२०० स्पीडवाल्या, नंतर घेतलेल्या ८ च्या दोन ३६०० वाल्या आणि कंपनी वेगळी. तिथल्या टेक्निशियनने आधी फॉरमॅट मारला, मग परत मारला, मग एसएसडी बदलायला लावली, मग एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, शेवटी सगळा दोष इन्व्हर्टरवर गेला. खर्च बराच झाला आणि ब्लू स्क्रीन तसाच. दर वेळी फॉरमॅटनंतर थोडे दिवस बरे जायचे म्हणून वाटायचं की सुटलं, पण ते का बरे जायचे ते पुढे येईल.

आता मुद्दा. रॅम घेताना दुकानात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, ‘काही होत नाही, सगळी आपोआप कमीवाल्या स्पीडवर येते’. हे अर्धंच खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्यातच हा सगळा घोळ आहे.

प्रत्येक स्टिकवर एक बारीकशी चिप असते, एसपीडी म्हणतात तिला, तिच्यात त्या स्टिकचे आकडे लिहून ठेवलेले असतात. हे आकडे दोन जातीचे. एक जेडेकचे, म्हणजे सगळ्या इंडस्ट्रीने मिळून ठरवलेले सावध आकडे, डीडीआर४ मध्ये २१३३, २४००, २६६६, २९३३, ३२०० अशा पायऱ्या आणि व्होल्टेज १.२. दुसरे एक्सएमपीचे, ही इंटेलने आणलेली प्रोफाइल, एएमडीच्या बोर्डवर काही ठिकाणी डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी नावाने दिसते. गेमिंगवाल्या रॅमच्या बॉक्सवर मोठ्या अक्षरात जो ३२०० किंवा ३६०० छापलेला असतो तो बहुतेक वेळा हा, व्होल्टेज साधारण १.३५, आणि कागदोपत्री हे ओव्हरक्लॉकच आहे, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त स्पीडने पळवणं.

एक्सएमपी बंद असेल तर दुकानदाराचं म्हणणं बरोबर आहे, बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा बोर्डवरचा प्रोग्राम, सगळ्या स्टिकचं एसपीडी वाचतो आणि सगळ्यांना झेपेल असा स्पीड आणि सगळ्यांत सैल टायमिंग धरतो. एक्सएमपी चालू केलंत की हा समजूतदारपणा संपला. बरेच बोर्ड मग कुठल्यातरी एका स्टिकची प्रोफाइल उचलतात आणि ती चौघींना लावतात, एकाचं माप घेऊन चौघांना शर्ट शिवल्यासारखं.

इथे लोक म्हणतात, अरे पण नवीन स्टिक तर ३६०० ची आहे, ३२०० ला तर ती आरामात पळेल. नाही पळत, निदान दर वेळी नाही, आणि यासाठी थोडं गणित करायला लागतं, कंटाळू नका, सोपं आहे. टायमिंगचे जे आकडे असतात, १६-१८-१८-३६ वगैरे, ते वेळेचे नसून क्लॉकच्या ठोक्यांचे असतात. खरा वेळ नॅनोसेकंदात काढायचा तर आकड्याला २००० ने गुणायचं आणि रॅमच्या स्पीडने भागायचं. मित्राच्या जुन्या स्टिक ३२०० ला १६-१८-१८-३६, नवीन ३६०० ला १८-२२-२२-४२. पहिला आकडा, सीएल, दोन्हीकडे १० नॅनोसेकंदच येतो. दुसरा बघा. जुनीचा १८ म्हणजे ११.२५ नॅनोसेकंद, नवीनचा २२ म्हणजे १२.२२. म्हणजे जुनीची प्रोफाइल सगळ्यांना लावली की त्या ‘फास्ट’ नवीन स्टिककडे बोर्ड तिच्या कंपनीने कबूल केलंय त्यापेक्षा कमी वेळात काम मागत होता. कधी जमायचं, कधी नाही. ३२०० ला तिला १८ पुरत नाहीत, २० लागतात. बॉक्सवरचा मोठा आकडा बघून रॅम जुळवणाऱ्यांना हे कधी दिसतच नाही.

आणि हे झाले वरवरचे चार आकडे. खाली अजून ढीगभर असतात, त्यातला एक फार त्रास देतो, टीआरएफसी. रॅममधला डेटा टिकायला तो सतत रिफ्रेश करावा लागतो आणि त्या रिफ्रेशला किती वेळ द्यायचा ते हा आकडा सांगतो. तो वेळ चिपच्या आकारावर ठरतो, जेडेकच्या हिशोबात डीडीआर४ च्या ८ गिगाबिटच्या चिपला ३५० नॅनोसेकंद आणि १६ गिगाबिटच्या चिपला ५५०. गिगाबिट म्हणतोय, गिगाबाइट नाही. ८ जीबीची स्टिक दोन प्रकारे बनते, ८ गिगाबिटच्या आठ चिपा लावून किंवा १६ गिगाबिटच्या चारच चिपा लावून, आणि अलीकडच्या स्वस्त स्टिकमध्ये हा चार चिपांचा प्रकार बराच दिसतो. स्टिकरवर ‘१आरएक्स८’ लिहिलेलं असेल तर आठ चिपांची, ‘१आरएक्स१६’ असेल तर चार चिपांची. सगळ्या कंपन्या ते लिहीत नाहीत, मग एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये बघायचं. ३२०० ला ३५० नॅनोसेकंद म्हणजे ५६० ठोके, ५५० म्हणजे ८८०. जुनीच्या प्रोफाइलमधले ५६० नवीनला लागले की तिचा रिफ्रेश पुरता होतच नाही आणि कुठेतरी एखादी बिट उलटी होऊन बसते. पूर्ण स्टिक मरत नाही, लगेच काही दिसतही नाही, आणि कॅबिनेट तापलं की प्रमाण वाढतं. मित्राच्या मशीनमध्ये नेमकं हेच जोडपं निघालं, जुन्या आठ चिपांच्या, नवीन चारवाल्या.

मग ‘एकाच कंपनीची घ्या’ या सल्ल्याचं काय? तोही अर्धवटच. रॅमच्या चिपा बनवणारे मुख्य तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, शिवाय नान्यासारखे एकदोन. स्टिकवर नाव असणाऱ्या बऱ्याचशा कंपन्या यांच्याकडून चिपा घेऊन हीटसिंक आणि स्टिकर लावून विकतात. त्यामुळे दोन वेगळ्या ब्रँडच्या स्टिकमध्ये एकच चिप असू शकते आणि त्या गुण्यागोविंदाने नांदतात, आणि एकाच ब्रँडच्या त्याच मॉडेलच्या दोन स्टिक वर्षभराच्या अंतराने घेतल्या तर आत वेगळाच माल असू शकतो. कॉर्सेअरच्या स्टिकरवर ‘व्हर्जन’ म्हणून एक बारीक आकडा असतो तो बघा, ३ ने सुरू होत असेल तर मायक्रॉन, ४ ने सॅमसंग, ५ ने हायनिक्स, ८ ने नान्या. मॉडेल नंबर तोच आणि व्हर्जन वेगळं असं सर्रास सापडतं. म्हणून ब्रँड जुळवण्यापेक्षा चिप, रँक (एका वेळी मिळून काम करणाऱ्या चिपांचा गट, १आरएक्स८ मधला १आर म्हणजे एकच गट, सिंगल रँक) आणि टायमिंग जुळवणं महत्त्वाचं, आणि एका पाकिटात आलेलं किट सगळ्यात बरं, कारण त्या स्टिक एकत्र चालतात का हे कोणीतरी आधी बघितलेलं असतं. तुमच्या जुन्या-नव्या चौकडीची टेस्ट जगात कोणीच केलेली नाही. ती तुम्हालाच करायची आहे.

चार स्टिकचा भार हा वेगळा विषय. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्ये असतो आणि स्टिक वाढल्या की त्याला जड जातं, मग ब्रँड एक असला तरी. पहिल्या रायझनला, २०१७ वाल्या, एएमडीची अधिकृत मर्यादा दोन सिंगल रँक स्टिकना २६६६ होती आणि चार लावल्या की २१३३, चारही ड्युअल रँक असतील तर १८६६. रायझन ३००० ला दोन स्टिकला ३२००, चार सिंगल रँकला २९३३, चार ड्युअल रँकला २६६७. प्रत्यक्षात यापेक्षा जास्त चालतं बऱ्याच जणांचं, पण चालतं आणि हमी आहे यात फरक आहे. इंटेलच्या एच४१०, बी४६० असल्या बोर्डवर ही भानगड कमी दिसते कारण तिथे दहाव्या पिढीचा आय५ टाकला की रॅम २६६६ च्या वर जातच नाही, लोक कुरकुरतात पण मिक्स करणाऱ्याला ते वरदानच आहे.

आता ते ‘परत परत येतं’ याचं कारण, कारण लोकांना वेड लागतं ते यानेच. पीसी थंड अवस्थेतून चालू होतो तेव्हा बोर्ड रॅमबरोबर सिग्नलची जुळवाजुळव करतो, ट्रेनिंग म्हणतात त्याला. सेटिंग अगदी काठावरचं असेल तर ही जुळवणी एखाद्या दिवशी चांगली जमते आणि दिवस निभावतो, एखाद्या दिवशी जेमतेम जमते आणि दुपारी ब्लू स्क्रीन, आणि एखाद्या सकाळी जमतच नाही, म्हणून ते पंखे फिरणं-थांबणं. ठरावीक वेळा फसलं की बोर्ड स्वतःच एक्सएमपी सोडून देतो आणि जेडेकवर, म्हणजे २१३३ नाहीतर २४०० वर चालू होतो. काही बोर्ड एफ१ दाबा म्हणून सांगतात, काही गपचूप करतात. आता मशीन एकदम स्थिर! सगळ्यांना वाटतं सुटलं. मग कोणीतरी टास्क मॅनेजर उघडतं, ‘अरे ३२०० ची रॅम आणि २१३३ ला का चाललीय’ म्हणून बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी परत चालू करतं, आणि चक्र पहिल्यापासून. मित्राकडे फॉरमॅटनंतर जे बरे दिवस जायचे ते असेच, टेक्निशियन फॉरमॅटच्या आधी बायोस डिफॉल्ट करायचा आणि श्रेय विंडोजला मिळायचं.

यात बोर्डवरचा सेलही सामील असतो. आपल्याकडे रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची सवय, म्हणजे स्टँडबायचा करंट नाही, सगळा भार त्या सीआर२०३२ सेलवर. बोर्ड चारपाच वर्षांचा झाला की सेल बसतो, तारीख मागे जाते, ब्राउझर सुरक्षित वेबसाइटवर सुद्धा आरडाओरडा करतो आणि बायोसमध्ये हाताने केलेली सगळी सेटिंग उडतात. म्हणून खालचं काही करायच्या आधी तो सेल बदलून टाका, किरकोळ खर्च आहे, नाहीतर मेहनत करून बसवलेले आकडे पुढच्या आठवड्यात गायब आणि तुम्ही परत इथेच.

तर क्रम. आधी बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी बंद, रॅमचं सगळं ऑटोवर, आणि नेहमीचं काम काही दिवस तसंच करायचं. या एका पायरीने अर्धा निकाल लागतो. जेडेकवर सुद्धा ब्लू स्क्रीन येत असतील तर मिक्सिंगला दोष देऊ नका, एखादी स्टिक, स्लॉट नाहीतर कॉन्टॅक्टच खराब आहे. जेडेकवर सगळं शांत असेल तर स्टिक बहुतेक चांगल्या आहेत, भांडण सेटिंगचं आहे.

कॉन्टॅक्ट म्हणजे स्टिकच्या खालच्या सोनेरी पट्ट्या. मुंबई, कोकण, गोवा, दमट हवा, त्यात धूळ, तिथे हे फार होतं. एसएमपीएसचं बटण बंद, वायर काढा, पॉवर बटण एकदा दाबून उरलासुरला करंट जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि मग स्टिक काढा. खोडरबरने घासायचा उपाय जुना आहे आणि चालतो, फक्त त्याचा चुरा स्लॉटमध्ये जाऊ देऊ नका, आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, मोबाइल रिपेअरवाल्यांकडे असतं ते. बसवताना कट आवाज यायला हवा. अर्धवट बसलेली स्टिक हा सगळ्यात फालतू आणि सगळ्यात जास्त सापडणारा दोष आहे.

मग मेमटेस्ट८६ प्लस, रॅम तपासणारा प्रोग्राम. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून बूट करायचं. बायोसमधलं सिक्युअर बूट आडवं आलं तर तात्पुरतं बंद करावं लागतं, पण थांबा, विंडोज ११ मध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर अशा बदलानंतर ते रिकव्हरी की मागू शकतं, ती आधी शोधून लिहून ठेवा, नंतर डोक्याला हात लावायची वेळ नको. टेस्ट आधी एकएक स्टिक एकटी लावून, तीही त्याच स्लॉटमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या बाजूने मोजत दुसऱ्या, ज्याला बऱ्याच बोर्डवर ए२ म्हणतात. एखादी एकटीच फेल झाली तर विषय संपला, ती बदलून घ्या, वॉरंटी बघा. एकटी सगळ्या पास आणि एकत्र लावल्या की एरर, तर हे खास मिक्सिंगचं लक्षण. टेस्ट रात्रभर चालू द्या, पंधरा मिनिटं बघून ‘पास आहे’ म्हणणारे खूप आहेत. विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिक मी फारसं धरत नाही, त्याने एरर दाखवला तर खरा समजा, नाही दाखवला म्हणून निर्धास्त होऊ नका. मेमटेस्ट पास होऊनही विंडोजमध्ये गडबड असेल तर टेस्टमेम५ चालवा, ते रॅमला जास्त पिळतं, आणि शक्यतो दुपारी, कॅबिनेट बंद ठेवून, खऱ्या गरमीत.

लावायची जागा. दोनच स्टिक असतील तर दुसरा आणि चौथा स्लॉट, ए२ आणि बी२, बोर्डच्या पुस्तकात चित्र असतंच. चार असतील तर एका किटच्या दोघी ए२-बी२ मध्ये आणि दुसऱ्या किटच्या ए१-बी१ मध्ये, म्हणजे प्रत्येक चॅनेलमध्ये (प्रोसेसर ते रॅम या दोन वाटा, ए आणि बी) एक जुनी एक नवी. बरेच जण एका किटच्या दोन्ही शेजारीशेजारी लावतात, ते बदला. कुठली जोडी ए२-बी२ मध्ये हे उलटसुलट करूनही बघा, काही बोर्डवर प्रोफाइल कुठून उचलली जाते तेच त्याने बदलतं.

आता आकडे हाताने. एक्सएमपीचा एक बटणवाला आराम विसरायचा. दोन्ही किटचे आकडे सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरच्या एसपीडी टॅबमध्ये बघून लिहून घ्या, तिथे फ्रिक्वेन्सी निम्मी दिसते, ३२०० ची रॅम १६०० दाखवते, दचकू नका. प्रत्येक टायमिंग नॅनोसेकंदात काढा, दोघींपैकी जास्त वेळवाला घ्या आणि ज्या स्पीडला चालवायचंय त्या स्पीडचे ठोके करून वरच्या अंकाला न्या. मित्राच्या बाबतीत ३२०० ला १६-२०-२०-३८ आले आणि टीआरएफसी ८८०. व्होल्टेज १.३५, कारण दोन्ही किटच्या स्टिकरवर तेवढंच होतं, त्याच्या वर मी जात नाही आणि तुम्हीही उगाच जाऊ नका. कमांड रेट २टी, किंवा रायझनवर गिअर डाउन मोड चालू ठेवा, दोन्ही रॅमला थोडी सवड देणारी बायोसमधली सेटिंग, आणि तो चालू असताना सीएल विषम दिलात तर बोर्ड तो सम करून टाकतो, १७ लिहून १८ दिसलं तर बिघडलेलं काही नाही.

एवढं करून ३२०० ला मेमटेस्टमध्ये एखाददुसरा एरर येतच राहिला. एखाददुसरा म्हणजे काय, चालेल की, असं मित्राचं म्हणणं. नाही चालत. रॅममध्ये मान्य एररची संख्या शून्य. २९३३ वर आणलं, टायमिंग तीच ठेवली, म्हणजे आपोआप अजून थोडी सैल झाली, आणि सगळ्या टेस्ट स्वच्छ. एएमडीने चार सिंगल रँकला दिलेला आकडाही हाच, काय योगायोग. ३२०० आणि २९३३ मधला फरक अल्बमच्या कामात मित्राला जाणवलाही नाही, ३२ जीबी पूर्ण वापरता येतेय हे मात्र जाणवलं.

जोडीला दोन गोष्टी. बायोस अपडेट करून बघा, खासकरून रायझनच्या सुरुवातीच्या बोर्डवर, एजीसा, म्हणजे बायोसमधला एएमडीचा स्वतःचा कोड, त्याच्या नवीन व्हर्जननी रॅमचं वागणं बरंच सुधारलंय, फक्त लाइटचा भरवसा नसेल तर यूपीएसशिवाय हात घालू नका. आणि दोन ब्रँडच्या लाइटवाल्या स्टिक असतील तर दोन्ही कंपन्यांची आरजीबी सॉफ्टवेअरं एकाच वेळी चालवू नका, दोघंही रॅमशी त्याच एसएमबसच्या वाटेने बोलतात आणि त्यांच्या भांडणात मशीन फ्रीज झालं की लोक परत रॅमला शिव्या घालतात.

वेगळ्या साइझच्या, म्हणजे ८ आणि १६, घाबरू नका. दोन्हीकडचे आठआठ जीबी ड्युअल चॅनेलमध्ये चालतात आणि उरलेले ८ सिंगलमध्ये, बस. जे अजिबात जमत नाही ते वेगळं. डीडीआर३ आणि डीडीआर४ ची खाचच वेगळी, बसतच नाहीत. सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड ईसीसी (चुका स्वतः सुधारणारी) रॅम, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला आणि ऑनलाइन फार स्वस्तात दिसते, साध्या डेस्कटॉप बोर्डवर चालू होत नाही, आणि डीडीआर३ मध्ये ‘ओन्ली फॉर एएमडी’ लिहिलेल्या स्वस्त ८ जीबीच्या स्टिक इंटेलवर चालत नाहीत, तिथे टायमिंगचे आकडे कितीही फिरवा.

डीडीआर५ वाल्यांना मात्र मी सरळ सांगतो, मिक्स करूच नका, आणि शक्य असेल तर चार स्टिकही लावू नका. रायझन ७००० ला दोन स्टिकची अधिकृत मर्यादा ५२०० आहे आणि चार लावल्या की ३६००, म्हणजे पैसे घालून स्पीड खाली. प्रत्येक स्टिकवर स्वतःचा पॉवर मॅनेजमेंटचा आयसी, त्यात एका किटची प्रोफाइल एक्सएमपी आणि दुसऱ्याची एक्सपो, म्हणजे एएमडीची तशीच प्रोफाइल. डीडीआर५ मध्ये ईसीसी असतं ना मग एरर कसा, असं कोणी विचारलं तर ते ईसीसी चिपच्या पोटातल्या पोटात असतं, चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर जे बिघडतं ते त्याला दिसत नाही. जुनं किट विकून मोठं दोनचं किट घ्या, २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत ते मलाही माहितीय, पण त्याच भावामुळे जुन्या किटलाही बरे पैसे येतात. आणि नवीन किट लावल्यावर पहिल्यांदा स्क्रीन यायला काही मिनिटं लागू शकतात, ट्रेनिंग चालू असतं, घाबरून बटण दाबत बसू नका.

सेटिंग बसलं की बायोसमध्ये ते प्रोफाइल म्हणून सेव्ह करा आणि स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढचा टेक्निशियन येईल, बायोस डिफॉल्ट करेल आणि एक्सएमपी चालू करून जाईल, तेव्हा लागेल.

शेवटचं काम कोणी करत नाही, फायली. रॅम बिघडलेली असताना जे जे सेव्ह झालं, कॉपी झालं, झिप झालं, त्यातलं काहीही आतून खराब असू शकतं. विंडोज नवीन टाकायची गरज बहुतेक पडत नाही, आधी डिस्म आणि मग एसएफसी स्कॅन, या विंडोजमधल्याच दुरुस्तीच्या कमांड, चालवा, सिस्टिमच्या बिघडलेल्या फायली त्याने दुरुस्त होतात. तुमच्या स्वतःच्या फायली त्याने होत नाहीत. नवीन स्टिक लावल्याची तारीख बिलावर असते, त्या तारखेनंतरचे बॅकअप वेगळे काढा, झिप आणि आरएआर असतील तर सेव्हन-झिपमध्ये टेस्ट बटण आहे त्याने सगळ्या तपासा, टॅलीसारखा डेटा असेल तर त्याआधीचा बॅकअप हातचा पुसू नका. मित्राच्या काही जेपीजी खालून अर्ध्या करड्या निघाल्या, नशिबाने फोटोग्राफरने कॅमेऱ्याची कार्डं अजून फॉरमॅट केली नव्हती म्हणून परत कॉपी करून घेता आल्या. कार्डवरून परत घेताना टेराकॉपी या फाइल कॉपी करायच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हेरिफाय चालू ठेवलं, थोडा वेळ जास्त लागतो पण कॉपी झालेली फाइल मूळ फाइलशी ताडून बघते.